न झाडलेलं अंगण

३ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन, तोवर माझा राग उतरला तर. फोन मुद्दाम करत नाही. फोनवर तू हसतोस आणि विषय बदलतोस. लिहिलेलं हसण्यावारी नेता येत नाही. तर आधी मला सांग, ती टेपवाली बाई कोण?

काल सकाळी नऊला घंटा वाजली. दारात एक पस्तिशीची बाई, पायात रबरी बूट, खांद्याला झोळी, हातात फावडं. मला वाटलं, नळाची लाइन खोदायला आली. तर म्हणते, "मी लँडस्केप डिझायनर. तुमच्या भावांनी बोलावलंय मला." अण्णा गेल्यापासून या घराचं दार मी उघडते, मीच लावते. आणि माझ्या अंगणात कोण येणार हे मला एक फावडेवाली सांगणार!

आत घेतलं, कारण दारातून माणूस परत पाठवायची मला सवय नाही. चहा केला. तो तिने स्वयंपाकघराच्या मागच्या ओट्यावर उभ्याने घेतला. मग तासभर ती नुसती उभी. बारक्या, तासभर! मध्येच म्हणाली, "दुपारी इथे सावली कुठपर्यंत येते?" मी म्हटलं, "सावली येते तिथपर्यंत येते." मग तिने पाणी भरलेली लांबलचक पारदर्शक नळी काढली. एक टोक ओट्यावर, दुसरं खालच्या बागेत, अंजिराच्या बुंध्याशी. दोन्ही टोकांतलं पाणी बघून म्हणे उतार मोजला आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग अंजिराजवळ हातभर खड्डा खणला, त्यात माझ्याच बादलीने पाणी ओतलं आणि घड्याळ लावून बसली, पाणी किती वेळात मुरतं ते बघत. पाणी मुरतंय खरं, पण खड्ड्यात नाही, तुझ्या डोक्यात कुठेतरी मुरतंय.

आपल्याकडे माळी आहे. आठवड्यातून दोनदा येतो, कमी बोलतो, गुलाब वेळेवर छाटतो. मग ही कशाला? आणि सगळ्यात महत्त्वाचं. जाताना तिने टेप काढून ओट्यावरून बागेत उतरणाऱ्या आपल्या सहा पायऱ्या मोजल्या. प्रत्येकीची उंची, रुंदी. मी विचारलं, "या कशाला मोजताय?" तर म्हणाली, "बघू." त्या पायऱ्या अण्णांनी सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हातांनी घातल्या आहेत. त्यात "बघू" म्हणण्यासारखं काही नाही. तिला तसं कळव.

राग उतरलेला नाही. त्यामुळे आशीर्वाद राहिले.

ताई

११ फेब्रुवारी

ताई,

न दिलेले आशीर्वाद पोचले. बादली वापरली म्हणून बाईंच्या वतीने माफी.

तुला आधी सांगायला हवं होतं, चुकलं. पण सांगितलं असतं तर तू "नको" म्हणाली असतीस, आणि तू एकदा नको म्हटल्यावर या जगात कोणाची टाप आहे? मी ऑक्टोबरात निवृत्त होतोय. इथला फ्लॅट सोडून घरी येणार, हे आपलं ठरलंच आहे. येणार तर खालची बाग नीट करून घ्यावी, एवढंच.

माळी का नाही, असं विचारतेस. माळी झाड जगवतो. पाणी कुठून कुठे जाईल, ऊन कुठे पडेल, माणूस कुठून चालेल आणि कुठे टेकेल, हे ठरवणं त्याचं काम नाही. तुमच्या दवाखान्यात इमारत बांधताना तुम्ही वॉर्डबॉयला नकाशा काढायला लावलात का? चिडू नकोस, माळीबुवा मला आवडतात.

आणि हीच बाई का, तेही ऐक. मी तिघांना लिहिलं होतं. दोघांनी दोन दिवसांत रंगीत चित्रं पाठवली. कारंजी काय, पुतळे काय, एकाने तर हरीण काढलं होतं. जागा न बघता! हिने मात्र उलट पत्र पाठवलं की जागा पाहिल्याशिवाय आणि तिथे राहणाऱ्या माणसाशी बोलल्याशिवाय मी पेन्सिल उचलत नाही. सोबत चोवीस प्रश्न. पाऊस झाल्यावर पाणी कुठे थांबतं, घरातलं कोण किती वाजता बाहेर येतं, काय अजिबात काढायचं नाही. शेवटच्या प्रश्नाला मी लिहिलं, "अंजीर आणि ताई." मी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. काम करण्याआधी जो माणूस विचारतो, त्याच्यावर मी भरवसा ठेवतो.

माझं ठीक आहे. सध्या वर-खाली करणं बंद, ऑफिसात टेबलावर बसवलंय मला. बढती म्हण.

एकच अट घालतो, आत्ताच. मी आल्यावर घरात मेट्रनगिरी नको. मला घरी यायचंय, वॉर्डात नाही.

तुझा
बारक्या

२० फेब्रुवारी

बारक्या,

बढतीबद्दल अभिनंदन. सदतीस वर्षांनी का होईना, त्यांना अक्कल आली. शेजारीपाजारी सगळ्यांना सांगितलं.

आता कामाचं. तू उंटावरून शेळ्या हाकतोयस, इथे मी आहे. तेव्हा तुझ्या त्या बाईची मुलाखत मी घेतली. नर्सेस घेताना घ्यायचे तशीच. शिक्षण काय, आधी कोणाकडे काम केलं, काम सोडून का आलात, चूक झाली तर काय करता. ती सगळ्याला शांतपणे उत्तरं देत होती. चुकीच्या प्रश्नावर म्हणाली, "एकदा झाड भिंतीच्या फार जवळ लावलं. दर वर्षी जाऊन त्याची माफी मागते." मला हसू आलं, पण मी दाखवलं नाही.

मग मी तिच्याकडून आधीच्या दोन कामांचे पत्ते घेतले आणि न कळवता जाऊन थडकले. कळवून गेलं की लोक झाडून-पुसून ठेवतात, हा माझा वॉर्डातला अनुभव. पहिल्या घरी कोणी नव्हतं. दुसऱ्या घरी बागेत एक आजोबा चाकाच्या खुर्चीत बसून वाफ्याला पाणी घालत होते. वाफे कमरेइतके उंच, विटांचे. आजोबा म्हणाले, "बाईंनी मला बाग परत दिली." सगळ्या वाटा गुळगुळीत, पायरी म्हणून नाही. मी म्हटलं, छान आहे. आणि घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही बाई म्हाताऱ्यांच्या बागा करते! तिची ख्यातीच ती. म्हणून तुला ती सापडली. म्हणजे तुझ्या लेखी मी आता त्या खुर्चीतली?

मी सासष्टची आहे. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन सहा पायऱ्या न थांबता चढते. माझं ब्लडप्रेशर तुझ्यापेक्षा चांगलं आहे.

आणि ऐक. सोमवारी ती परत आली आणि ओट्यावर, पायऱ्यांवर, खालच्या बागेत सगळीकडे पांढरी भुकटी टाकून गेली. संगमरवराची की कसली, पिठासारखी बारीक. म्हणाली, "आठवडाभर असू द्या." मी मंगळवारी सकाळी सहाला नेहमीप्रमाणे अंगण झाडलं. ती बुधवारी परत टाकून गेली. मी गुरुवारी परत झाडलं. काल पुन्हा टाकली, आज पुन्हा झाडली. बघू कोण आधी दमतं. तिच्याकडे भुकटी आहे, माझ्याकडे झाडू.

ताई

२४ फेब्रुवारी

मा. मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आपण हरलात असं नाही, पण माझी भुकटी संपली, म्हणून पत्र लिहिते. आपल्यासमोर बोलायला गेले की मला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला बसल्यासारखं होतं आणि मुद्दा राहून जातो.

ती भुकटी घाण नाही, ती माझी मोजपट्टी आहे. घरातला माणूस कुठून कुठे चालतो हे विचारलं तर तो एक सांगतो, आणि प्रत्यक्षात चालतो भलतीकडून. कोणी खोटं बोलत नाही, आपलं चालणं आपल्याला दिसत नाही एवढंच. भुकटीवर पाऊल उमटतं. कुठे वळलं, कुठे थांबलं, कुठे अडखळलं ते आठवड्यात कळतं. मग वाट तिथे आखायची, जिथे पाय मुळातच जातो. नाहीतर आपण सुंदर वाट बांधतो आणि माणसं हिरवळ तुडवत जातात.

आपण रोज सहाला झाडता. त्यामुळे माझ्या वहीप्रमाणे या घरात कोणी राहतच नाही.

तूर्त मी आहे त्या माहितीवर कच्चा आराखडा करून पाठवते. तो पक्का नाही. आपण एक आठवडा झाडू बाजूला ठेवलात तर तो पक्का होईल. पायऱ्यांबद्दल आपल्याला काय वाटतं ते मला कळतं. ही बाग ज्यांच्यासाठी आहे, त्यांना ती रोज, एकट्याने, कोणाचा हात न मागता वापरता यावी, यापलीकडे माझा कसलाच हट्ट नाही.

आपली,
(आपण ठेवलेल्या नावाप्रमाणे) टेपवाली

६ मार्च

बारक्या,

आराखडा आला. तीन मोठे कागद. जेवणाच्या टेबलावर पसरले, कोपऱ्यांवर डबे ठेवले, चष्मा लावला आणि नीट बघितलं. बघून अंगाचा तिळपापड झाला.

पायऱ्या नाहीत! सहाच्या सहा गायब. त्यांच्या जागी ओट्यापासून खाली छत्तीस फुटांची घसरगुंडी, मध्ये एक वळण घेऊन. चार फूट रुंद. बैलगाडी येणार आहे का? वळणावर पाच फुटांचा गोल मोकळा चौक. काय, फुगडी घालायची तिथे? उजव्या हाताला सगळीकडे कठडा. कमरेइतके उंच वाफे, त्या आजोबांच्या बागेसारखेच. आणि दर वीस पावलांवर बसायला बाक. वीस पावलांवर! माझ्या वॉर्डाची लांबी एकशे दहा पावलं होती, आणि मी ती दिवसातून शंभरदा चालायचे.

त्या बाईने लिहिलं होतं, "ज्यांच्यासाठी बाग आहे त्यांना कोणाचा हात न मागता वापरता यावी." मी कोणाचा हात मागितला? कधी मागितला? आईचं आजारपण मी काढलं, अण्णांचं काढलं, तुझा कावीळ झालेला महिनासुद्धा मीच काढला. हात मी दिले आहेत बारक्या, मागितले नाहीत. आणि तू तिकडे बसून, मला न विचारता, मी लुळी होण्याची तयारी करतोस. एवढी घाई?

तुला आठवतं का नाही कोण जाणे. वरून तिसरी पायरी. अण्णांनी सिमेंट ओतून गुळगुळीत केलं होतं, आणि तू चार वर्षांचा, सरळ त्यात पाय दिलास. अण्णांनी तुला एक धपाटा घातला. मग थापी हातात घेऊन त्या ठशाकडे बघत बसले आणि म्हणाले, "राहू दे. एवढं छान पाऊल परत मिळायचं नाही." ते अजून आहे. रोज झाडताना त्यातली माती मी बोटाने काढते, कारण तिथे झाडू पोचत नाही.

मी असेपर्यंत त्या पायऱ्यांना कुणी हात लावणार नाही. त्या बाईला सांग, कागद घेऊन जा. डब्यांखालून तीच काढेल.

ताई

१५ मार्च

ताई,

हो, तुझ्यासाठीच केलंय. झालं समाधान? तू सासष्टची आहेस, उद्या सत्तरची होशील. उद्या पडलीस तर कोण बघणार, हा विचार मी केला तर गुन्हा झाला का?

घर दोघांचं आहे. तू राहतेस म्हणून ते तुझं एकटीचं होत नाही. बाबापुता करून थकलो मी. पायऱ्या, पायऱ्या, पायऱ्या. दगडच आहेत त्या.

त्या बाईंना घालून पाडून बोलू नकोस. ती जे करतेय ते नीट करतेय. तुला ते कळत नाही, कारण तुझ्या डोक्यात आधीच राग भरलाय.

अठ्ठावीसला शनिवारी येतो. एक रात्र राहीन, रविवारी सकाळी परत. समोरासमोर बोलू.

बारक्या

२० मार्च

बारक्या,

ये. "दगडच आहेत" हे वाक्य मी जपून ठेवलं आहे, समोरासमोर परत म्हणून दाखव.

एक गोष्ट कळवते, नाहीतर आल्यावर विचारशील. ती बाई कागद न्यायला आली होती. मी पाढा वाचला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग मला चूक सिद्ध करा. एक आठवडा झाडू नका. तुमची पावलं बघते आणि आराखडा बदलते." मी आव्हान घेतलं. माझी पावलं कशी पडतात ते बघू दे तिला, आणि तुलाही. उद्या ती ताजी भुकटी टाकणार आहे. तीस तारखेपर्यंत मी झाडू खिळ्याला टांगून ठेवणार. सांगून ठेवते, हे मला किती जड जातंय त्याची तुला कल्पना नाही.

ताई

३० मार्च

बारक्या,

काल सकाळी तू गेलास. शनिवारी संध्याकाळी आपण भांडलो, तेव्हापासून तुझ्याशी एक शब्द बोलायचा नाही असं मी ठरवलं होतं. ते मोडते आहे.

आधी शनिवार. टॅक्सीतून उतरलास आणि दारात माझा दंड धरलास. मला वाटलं, मायेने धरला. मनात म्हटलं, भांडायला आलाय आणि आल्या आल्या लाडीगोडी. हॉलमधल्या खुर्चीत बसलास तो उठला नाहीस. बूट काढ म्हटलं, तर "पाय गार पडतात." चल, बागेत उभं राहून बोलू म्हटलं, तर "ऊन आहे." पाच वाजता कसलं ऊन? मी म्हणाले, तुला अण्णांच्या पायऱ्यांवर उभं राहायची लाज वाटते, म्हणून येत नाहीस. मी आणखी बोलले. काय काय बोलले ते लिहीत नाही, तुला पाठ असेल.

काल सहाला मी दूध आणायला गेले. अर्ध्या तासाने आले तर तू खुर्चीत, कपडे करून, बॅगेची चेन लावून. टॅक्सी आली. मी दारापर्यंत आले नाही. खिडकीतूनसुद्धा पाहिलं नाही, एवढा राग होता. आणि राग आला की मला झाडू लागतो. आव्हान गेलं खड्ड्यात म्हटलं, खिळ्यावरून झाडू काढला आणि मागचं दार उघडलं.

भुकटीवर माझी पावलं होती, रबरी चपलांची, ओट्यावरून पायऱ्यांकडे, पायऱ्यांवरून अंजिराकडे. ती मला माहीत होती. त्यांच्या शेजारी बुटांची नवी पावलं होती. उजवा बूट टाचेपासून चवड्यापर्यंत स्वच्छ उमटला होता. डाव्याची टाच कुठेच नव्हती. नुसता चवडा, आणि प्रत्येक चवड्यामागे हातभर रेघ, पाय ओढल्याची. उजव्या बाजूला बाटलीच्या बुचाएवढे गोल ठिपके. काठीचे. या घरात काठी नाही. म्हणजे बॅगेत घडी घालून आणलेली.

ओट्याच्या कडेला भुकटी इतकी तुडवली गेली होती की खालची फरशी दिसत होती. तिथे तू बराच वेळ उभा राहिला असशील. मग बसलास. पहिल्या पायरीवर बसल्याची खूण आणि दोन्ही बाजूंना पंजे. दुसरीवर तसंच. तिसरीवर तसंच. चौथीवर फक्त माझ्या चपला उमटल्या होत्या.

तिसऱ्या पायरीवरच्या त्या लहान पावलातली भुकटी तेवढी कुणीतरी बोटाने पुसून काढली होती. पाच बोटं, टाच, सगळं स्पष्ट. डावा पाय आहे तो. इतकी वर्षं मी ते पाऊल साफ करते आहे आणि डावा की उजवा, हे मी कालपर्यंत पाहिलं नव्हतं.

मी तिथेच बसले, तुझ्या शेजारच्या जागेवर. खूप रडले. हे लिहिते, कारण तू विचारणार नाहीस.

आता राग ऐक. तो गेला असं समजू नकोस. चाळीस वर्षं मी माणूस दारातून आत येताना त्याचं दुखणं ओळखत आले. डॉक्टर मला विचारायचे. आणि माझा सख्खा भाऊ माझा दंड धरून आत येतो, बूट काढत नाही, खुर्ची सोडत नाही, त्याला "टेबलावर बसवतात", आणि मी शेजारीपाजारी बढती म्हणून सांगत फिरते! याचा राग मला तुझा येतो आणि त्याहून जास्त माझा येतो. असा पाय एका दिवसात होत नाही. दीड वर्ष तरी झालं असणार. दीड वर्ष तू एकटा डॉक्टरांकडे गेलास, एकटा ऐकलंस, आणि मला पत्रात हरणाचे विनोद लिहिलेस. आणि शेवटी मला सरळ खोटं लिहिलंस, "तुझ्यासाठीच केलंय." मी लुळी झालेली चालेल, पण तू झालास हे मला कळायला नको. हा कुठला न्याय?

टेपवालीला फोन केला. विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" ती म्हणाली, "त्यांनी सांगू नका म्हटलं होतं." ती बाई दोन महिने मूग गिळून माझी बोलणी खात राहिली. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही रोज झाडत होता म्हणून माझ्याकडे फक्त त्यांनी सांगितलेलं होतं. आता पाहिलेलंही आहे." आज तिने येऊन फोटो काढले, एक एक पाऊल फीत लावून मोजलं. ओढलेल्या रेघेची लांबीसुद्धा.

मग आम्ही दोघींनी टेबलावर परत कागद पसरले. पाच फुटांचा चौक. फुगडीसाठी नाही तो. चाकाची खुर्ची पूर्ण वळायला पाच फूट लागतात, हे मी शिकाऊ मुलींना शिकवलंय. तेच माझ्यासमोर कागदावर काढलेलं होतं आणि मी त्यावर डबा ठेवला होता.

आता माझे बदल. कठडा तिने फक्त उजव्या हाताला दाखवला होता. उतरताना उजवा, तर चढताना तोच डावा होतो. दोन्ही बाजूंना हवा, मी सांगितलं, तिने लिहून घेतलं. बाक वीस पावलांवर नको, पंधरावर. वाफे अर्धा फूट कमी, तू बसल्यावर तुझा हात किती वर जातो ते मला माहीत आहे. वळणाशी अंजिराची सावली दुपारी साडेतीनपासून येते, हेही तिला आज सांगितलं. पहिल्या दिवशी तिने विचारलं होतं तेव्हा मी तोऱ्यात होते.

पायऱ्या मी स्वतः सांगून काढायला लावल्या आहेत. पुढच्या सोमवारी गवंडी येतोय. तिसरी पायरी तेवढी अखंड काढायची, तुकडा पडला तर त्याची खैर नाही. ती ओट्याच्या दाराशी, वाट सुरू होते तिथे, जमिनीबरोबर बसवायची. इतकी समपातळीत की चाक अडायला नको आणि काठी अडकायला नको. घरातून बाहेर पडताना तुझा पाय रोज त्यावरून जाईल.

तू लिहिलं होतंस, वॉर्डात यायचं नाही, घरी यायचंय. मेट्रनगिरी नको. तर ऐक, मेट्रनगिरी होणार. मला दुसरं काही येत नाही. पण कुठल्याही वॉर्डात रुग्णाशी भांडायला मला कधी परवानगी नव्हती. तुझ्याशी आहे. त्यामुळे घाबरू नकोस, तू रुग्ण होणार नाहीस.

अंगण मी अजून झाडलेलं नाही. काम सुरू होईपर्यंत झाडणारही नाही. माळी आला होता, त्यालाही आत पाऊल टाकू दिलं नाही.

ऑक्टोबरची वाट बघायची नाही. रजा शिल्लक असेल, ती घे आणि ये. येताना काठी बॅगेत नको, हातात हवी. मी दारात उभी असेन.

अनेक आशीर्वाद.

ताई